संशोधन करणाऱ्या मुलामागे कोण उभे असते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



एस.टी.च्या चिपळूण डेपोतील एका मेकॅनिकची मुलगी शास्त्रज्ञ कशी झाली ते मुलांना सांगावे, असे सेक्रेटरी साहेबांनी पत्रात लिहिले होते. त्यांची क्षमा मागून मी आज थोडे निराळे बोलणार आहे. एखादा पोहून पलीकडे गेला म्हणून नदीवर पूल होत नाही. माझ्या पोहण्याची हकीकत ऐकून मुले टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. त्यापेक्षा हा पूल कोठे कोठे बांधला गेला आहे, तो कसा चालतो, आणि जेथे तो नाही तेथे आपण काय करावयाचे, यावर बोललेले बरे.

प्रथम, जीववैद्यकीय संशोधन म्हणजे काय ते सांगते. दवाखान्यातील डॉक्टर रोग्याला तपासून औषध देतो. ते औषध जंतूवर कसे चालते, काही वर्षांनी का चालेनासे होते, लहान मुलाच्या दंडात टोचावयाची लस कशी तयार होते, याचा शोध घेणारी माणसे बहुधा दवाखान्यात नसतात. ती प्रयोगशाळेत असतात. त्यांतील पुष्कळ जण एम.बी.बी.एस. नसतात. बी.एस्सी., एम.एस्सी. करून ते पीएच.डी.कडे वळलेले असतात. मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, खारघरला टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र आहे, पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि आयसर आहे. आपल्या गावापासून हे सारे एस.टी.च्या एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पण माहितीच्या दृष्टीने ते फार लांब आहे.

आपल्या घरांत या मार्गाचा विचार सहसा होत नाही. मेडिकलला चार गुण कमी पडले की मूल नाइलाजाने बी.एस्सी.ला जाते. त्यातलेच एखादे पुढे मायक्रोबायॉलॉजीत असे काही रमते की त्याला परत ओढणे कठीण होते. मग घरात प्रश्न निघतो, "अजून किती वर्षे?" कोकणात प्रत्येक घरात आखाताचा हिशोब असतो. चुलतभाऊ बी.एस्सी. होऊन कुवेतला गेला, दुसऱ्या महिन्यापासून पैसे पाठवू लागला. आणि हा सत्ताविसाव्या वर्षीही शिकतोच आहे! माझी अम्मी मला विचारी, "बेटा, तुझ्या परीक्षेचा निकाल लागतो तरी कधी?" पीएच.डी.त तशी परीक्षा नसते, हे तिला समजावून सांगावयास मला दोन वर्षे लागली. दोष तिचा नव्हता. मलाच ते नीट ठाऊक नव्हते.

प्रयोगशाळेतील दिवस कसा असतो, हे पालकांनी जरूर ऐकावे. आम्ही काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत जिवंत पेशी वाढवतो. त्यांना दोन-तीन दिवसांनी नवे अन्नद्रव्य द्यावे लागते. पेशींना रविवार कळत नाही आणि ईदही कळत नाही. मी तीन वेळा ईदच्या सकाळी घरच्यांबरोबर शीरखुर्मा घेऊन दुपारी लोकल पकडून प्रयोगशाळेत गेले आहे. चार महिने वाढवलेल्या पेशींत एखादा सूक्ष्म जंतू शिरला की सर्व फेकून पुन्हा पहिल्यापासून आरंभ. विकत आणलेले रसायन निरुपयोगी निघते, फ्रीझर बंद पडतो, दुसऱ्या कोणाचा तोच शोध आधी छापून येतो. दहा प्रयोगांतले सात-आठ फसणे हे या कामात नित्याचे आहे. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा येथे पहिल्यांदाच सतत नापास होऊ लागतो, आणि त्याला वाटते, की आपणच कमी आहोत. "अरे, सगळ्यांचेच असे होते" हे चार शब्द त्याला कोणी तरी सांगावयास हवे असतात.

आता मी एका मुलीची हकीकत सांगते. तिचे नाव सांगत नाही; आमची संस्था कोणती तेही सोडून देते. ती आपल्याच समाजातील, मराठवाड्यातील एका शिक्षकाची मुलगी. आम्ही दोघींनी २००४ साली एकाच मजल्यावर काम सुरू केले. हात असा सफाईदार, की मोठे लोक आपले नाजूक प्रयोग तिच्याकडून करवून घेत. नेटची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला फेलोशिप मिळते ती पाच वर्षे. तिच्या वडिलांनी त्यावरून सरळ हिशोब केला, की अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. त्या बेताने त्यांनी तिचे लग्न ठरवले. पाचव्या वर्षाच्या अखेरीस प्रयोग संपले होते, पण प्रबंध लिहून झाला नव्हता. फेलोशिप थांबली. गाईड परदेशी गेलेले. प्रबंध लिहावयास सहा-आठ महिने लागतात, नंतर तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, मग तोंडी परीक्षा, असे कोणी त्या शिक्षकाला कधी सांगितले नव्हते. सांगितले असते तर तो माणूस थांबला असता, अशी माझी खात्री आहे. त्याने मुलीला एवढे शिकवले ते काय उगाच? लग्न झाले, ती सासरी गेली, नोंदणीची मुदत संपली. पाच वर्षांचे काम वह्यांत राहिले.

तिच्या आणि माझ्या बुद्धीत फरक असलाच तर तो तिच्या बाजूचा होता. माझे झाले याचे कारण एवढेच, की आमच्या मजल्यावर एक वयस्क बंगाली शास्त्रज्ञ बाई होत्या. मी चौथ्या वर्षात असताना त्यांनी मला बोलावून विचारले, "घरी काय सांगितले आहेस?" आणि त्यांनी माझ्या अब्बांना पोस्टकार्ड पाठवले. इंग्रजीत, चार ओळींचे: काम चांगले चालले आहे, आणखी दीड वर्ष लागेल. अब्बांनी ते डेपोतील साहेबांकडून वाचून घेतले आणि घड्याळाच्या मागे खोचून ठेवले. पुढे कोणी नातलग माझ्या लग्नाचे विचारू लागला, की ते पोस्टकार्ड काढून दाखवत.

ज्या घरात वडील प्राध्यापक आणि मावशी डॉक्टर असते, त्या घरातील मुलाला जेवताना या गोष्टी कानावर पडतात. कोणता गाईड चांगला, अर्ज केव्हा करावा, पोस्टडॉक म्हणजे काय, कोणाला पत्र लिहावे, हे त्याला कोणी शिकवत नाही. ते त्याला ठाऊकच असते. आमच्या जेवणाच्या वेळी क्लच प्लेट आणि ओव्हरटाइम यांविषयी बोलणे होई. विद्यापीठातील मार्गदर्शनाची व साहाय्याची व्यवस्था म्हणजे, माझ्या दृष्टीने, त्या प्राध्यापकाच्या घरातले जेवण सर्वांना वाढण्याची सोय आहे. ज्यांच्या घरी ते आहे त्यांना ही व्यवस्था नसली तरी चालते. आपल्याला ती नसली तर चालत नाही.

ओळखीचे महत्त्व थोरामोठ्यांनाही सुटलेले नाही. ओबेद सिद्दीकी हे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात त्यांचा जन्म, अलीगढला शिक्षण, ग्लासगोला पाँतेकोर्वो यांच्या हाताखाली पीएच.डी. पुढे अमेरिकेत असताना लिओ झिलार्ड या विख्यात शास्त्रज्ञाने होमी भाभांना त्यांचे नाव सुचवले, आणि १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र हे त्याचेच पुढचे रूप. सिद्दीकींची योग्यता निर्विवादच. पण भाभांच्या कानावर ती घालणारा कोणी तरी होता. आपण याला वशिला म्हणून नाक मुरडू नये. लायकी नसलेल्याला पुढे ढकलणे हा वशिला. लायक माणसाची बातमी योग्य ठिकाणी पोहोचवणे हे कर्तव्य आहे.

आता हा पूल कोठे बांधला गेला ते पाहू. पीएच.डी. झाल्यावर मी २०१० साली अमेरिकेला गेले. पीएच.डी. आणि पक्की नोकरी यांच्या मधल्या काळात दुसऱ्या प्रयोगशाळेत काही वर्षे काम करतात, त्याला पोस्टडॉक म्हणतात. तेथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की संशोधकांना उमेदवार म्हणून राबवून घेणे ही त्या देशातही जुनी रीत होती, आणि ती संशोधकांनी स्वतः बोलून बदलवली. त्यांची देशव्यापी संघटना २००३ साली स्थापन झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पोस्टडॉक मंडळींनी तर २०१० साली आपल्या युनियनतर्फे विद्यापीठाशी पहिला करार केला. पगार, रजा, काढून टाकण्याचे नियम, सर्व लेखी. मुंबईच्या गिरणगावात युनियन काय असते हे आपल्या वडिलधाऱ्यांनी पाहिले आहे. पण सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्यांचीही युनियन असते, हे ऐकून माझे अब्बा फार खूश झाले होते.

याच विद्यापीठाची सान फ्रान्सिस्को येथील शाखा केवळ आरोग्यविज्ञानासाठी आहे. तेथे संशोधकांसाठी स्वतंत्र व्यवसाय मार्गदर्शन कचेरी आहे. अशा कचेरीत पीएच.डी. झालेली, प्रयोगशाळा जाणणारी माणसे बसतात. ती विद्यार्थ्याला अर्ज व अनुदानाचा प्रस्ताव लिहावयास शिकवतात, मुलाखतीची तालीम करून घेतात, गाईडशी मतभेद झाला तर कसे बोलावे ते सांगतात, आणि निरनिराळ्या नोकऱ्यांत गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात. या कचेरीतील व इतर काही संस्थांतील जाणकारांनी मिळून २०१२ साली शास्त्रज्ञांसाठी वैयक्तिक प्रगतीचा आराखडा करण्याचे साधन तयार केले. 'मायआयडीपी' हे त्याचे नाव. ते इंटरनेटवर फुकट आहे. मला काय येते, मला काय करावयास आवडते, आयुष्यात मला कशाची किंमत वाटते, या तीन गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः भरावयाच्या. त्यावरून विज्ञानातील कोणता मार्ग त्याला मानवेल, याचा अंदाज येतो. मग वर्षाचे ध्येय लिहून गाईडपुढे बसावयाचे. ऐकताना हे शाळकरी वाटते. मी स्वतः ते प्रथम हसतच भरले. पण तोपर्यंत मला काय करावयास आवडते, हा प्रश्न मला आयुष्यात कोणीही विचारला नव्हता, मी स्वतःसुद्धा नव्हता.

हे सारे दयाबुद्धीने झाले असे समजू नका. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणारी जी सरकारी संस्था आहे, एन.आय.एच., तिच्या एका समितीने २०१२ साली अहवाल दिला. जीववैद्यकीय पीएच.डी. झालेल्यांपैकी प्राध्यापकाच्या पक्क्या वाटेवर जाणाऱ्यांचे प्रमाण १९९३ साली सुमारे ३४ टक्के होते, ते सुमारे २६ टक्क्यांवर आले होते. म्हणजे चारांतील तिघांना दुसरे काही करावयाचे आहे आणि शिक्षण मात्र चौघांना एकाच नोकरीचे! या अहवालानंतर २०१३ पासून एन.आय.एच.ने १७ संस्थांना खास पैसा दिला, तो विद्यार्थ्यांना इतर व्यवसायांची ओळख करून देण्यासाठी. सान फ्रान्सिस्को त्यांत होते. आणि २०१४ पासून, प्रगतीच्या आराखड्यांचा उपयोग कसा करता ते अनुदानाच्या वार्षिक अहवालात लिहा, असेही तिने सांगितले. त्या देशात आता सर्व सुरळीत आहे असा मात्र गैरसमज नको. २०२५ साली तेथे संशोधनाची पुष्कळ अनुदाने मधेच रद्द झाली, आणि परदेशी मुलांना त्याची झळ लागली. जाण्याचा विचार करणाऱ्यांनी ताजी माहिती घेऊनच पाऊल उचलावे.

आपल्याकडे काय आहे? अगदीच काही नाही असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम लागू केले. ते इंग्रजीत आहेत, पण पालकांनी कोणाकडून तरी समजावून घ्यावेत. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यासाठी एक सल्लागार समिती असते, आणि दर सहामाहीला त्याने तिच्यापुढे आपले काम मांडावयाचे असते. गाईडशी जमत नसेल, काम अडले असेल, तर तोंड उघडण्याची ही कायदेशीर जागा आहे. पुष्कळ मुले तेथे "सर्व ठीक आहे" म्हणून सही करून येतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार, यांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थी घेता येत नाहीत. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे, साधारण मर्यादा सहा. पुनर्नोंदणी धरून आठ. आणि मुलींना व अपंग विद्यार्थ्यांना आणखी दोन, म्हणजे दहापर्यंत. मुलींना बाळंतपण व बालसंगोपन यांसाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही शेवटची दोन वाक्ये घरी गेल्यावर मुलींच्या आयांना पुन्हा सांगा. लग्न झाले म्हणजे पीएच.डी. सोडावी लागते असे कोणत्याही नियमात नाही.

पैशाविषयीही स्पष्ट बोलते. आपल्याकडे त्याची लाज वाटते आणि नुकसान होते. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. वसतिगृह नसेल तर घरभाडे वेगळे. मी सुरुवात केली तेव्हा याचा चौथा हिस्साही मिळत नसे. विज्ञानाच्या मुलांनी यासाठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट द्यावयाची असते. ती वर्षातून दोनदा ठेवलेली आहे. २०२४ पासून तिचा निकाल तीन प्रकारे लागतो, हे समजून घ्या. पहिल्या प्रकारात फेलोशिप मिळते. दुसऱ्यात सहायक प्राध्यापक होण्याची व पीएच.डी. प्रवेशाची पात्रता मिळते, तिसऱ्यात फक्त प्रवेशाची. या दोन्हींत फेलोशिप नाही. मुलगा "नेट झालो" म्हणतो, घरात पेढे वाटतात, आणि सहा महिन्यांनी कळते की पैसे येणार नाहीत. पेढे अवश्य वाटा, पण आधी निकालपत्र वाचा. फेलोशिपच्या वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सूट आहे. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असेल आणि नॉन-क्रीमी लेयर दाखला वेळेवर काढलेला असेल तर त्याही सवलती मिळतात. हा दाखला काढण्याचे काम मुलाचे नाही, वडिलांचे किंवा मामूचे आहे. मुलाला अभ्यास करू द्या. राज्याची नागपूरची 'महाज्योती' ही संस्था इतर मागासवर्गीयांना पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देते, तिच्या जाहिरातीवरही लक्ष ठेवा.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप अजून चालू आहे, असे समजून कित्येक पालक मला विचारतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत ती बंद करीत असल्याचे सांगितले. माझ्या माहितीतील किती तरी मुलांचे संशोधन तिच्यावर उभे राहिले होते. वाईट वाटते, यात संशय नाही. पण बंद दारापुढे रांग लावून मुलांचे वर्ष जाऊ नये.

आणि फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पैसे एक तारखेला हाती पडतात असेही नाही. मी एका ठिकाणी काम करीत असताना मुलांचे पैसे सात महिने अडकले होते. मेसचे बिल थकलेले, घरी मागावयाची लाज, कारण घरी सर्वांना सांगितलेले, की मला आता स्कॉलरशिप आहे. पालकांनी पहिल्या वर्षी चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा आणि मुलाला तसे सांगून ठेवावे.

प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावे? मुलगी देताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पाच-सहा वर्षे ज्या गाईडच्या हाताखाली काढावयाची, त्याची कोणीच चौकशी करीत नाही. त्यांच्याकडे आजवर किती जणांनी पीएच.डी. पूर्ण केली, किती वर्षांत, मधेच किती सोडून गेले, आणि झालेले आज कोठे आहेत, हे त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये चहा पाजून विचारावे. खरे उत्तर तेथेच मिळते. वसतिगृह आहे का, रात्री उशीर झाला तर मुलींना पोहोचवावयास गाडी आहे का, स्त्रियांच्या तक्रारींसाठी कायद्याने आवश्यक असलेली अंतर्गत समिती खरोखरी काम करते का, व्यवसाय मार्गदर्शनासाठी कोणी नेमलेले आहे का? पुष्कळ ठिकाणी 'प्लेसमेंट सेल' अशी पाटी असते, पण ती खोली पदवीच्या मुलांसाठी कंपन्या बोलावण्यापुरती असते; पीएच.डी.चा विद्यार्थी तेथे गेला तर तेच बिचारे गोंधळतात. जेथे अशी सोय नाही तेथील मुलांनी बंगळुरूच्या इंडियाबायोसायन्स या संस्थेचे संकेतस्थळ पाहावे. २००९ पासून ती जीवशास्त्रज्ञांना एकत्र आणते. नोकऱ्या, फेलोशिपा आणि निरनिराळ्या मार्गांनी गेलेल्यांचे अनुभव तेथे वाचावयास मिळतात.

प्राध्यापकी मिळाली नाही तर सर्व फुकट, ही समजूतही काढून टाकली पाहिजे. लस व औषधांच्या कारखान्यांतील संशोधन आणि गुणवत्ता विभाग, औषधांच्या चाचण्या, सरकारी परवान्यांचे काम, वैद्यकीय व शास्त्रीय लेखन, पेटंटचे काम, रुग्णालयांतील जनुकीय तपासण्या, या सर्व ठिकाणी प्रशिक्षित जीवशास्त्रज्ञ लागतो. पेटंट एजंट होण्यासाठी सरकारी परीक्षा असते आणि विज्ञानाचा पदवीधर तिला बसू शकतो. आमच्या क्षेत्रातील काही मंडळी अशा मार्गाला गेलेल्यांकडे "याने विज्ञान सोडले" अशा नजरेने पाहतात. ती नजर चुकीची आहे, आणि मुलांच्या मनावर तिचे फार ओझे असते.

ओझ्यावरून आठवले. २०१८ साली अनेक देशांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण लोकांच्या मानाने त्यांच्यात उदासीनता व चिंता यांचे प्रमाण सहापट आढळले. आपला मुलगा फोनवर कमी बोलू लागला, जेवण टाकू लागला, झोप नाही म्हणू लागला, तर "मन लावून अभ्यास कर" हा त्यावर उपाय नव्हे. त्याला भेटावयास जा. विद्यापीठात समुपदेशक असला तर त्याच्याकडे न्या. नसला तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती मराठीतही बोलते. याची बदनामी वाटण्याचे कारण नाही.

समाजाने काय करावे, असे अध्यक्ष साहेबांनी मला मघाशी विचारले. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा हाफकिन यांना काम करावयास ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःच्या लसीची सुई प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला भीत होते. त्या वेळी आगाखान सर सुलतान मुहम्मद शाह हे तरुण होते. त्यांनी स्वतः लस टोचून घेतली, आपल्या खोजा जमातीला तसे करावयास सांगितले, आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. पुढे १८९९ साली ती प्रयोगशाळा परळला गेली. बंगला देणे आपल्याला जमणार नाही. पण मुंबई-पुण्यात प्रवेशपरीक्षेला गेलेल्या मुलीला दोन रात्री राहावयास घर देणे, फेलोशिप अडकली तर सहा महिन्यांचे बिनव्याजी कर्ज देणे, आणि शिक्षकाच्या गावी जाऊन त्याला "आणखी दीड वर्ष लागेल" असे सांगणे, हे आपल्या संस्थेला सहज करता येईल. मी याविषयी विश्वस्तांना लेखी दिले आहे.

ज्या मुलीची हकीकत मी सांगितली, तिचा गेल्या वर्षी मला फोन आला. ती एका खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. मी तिला म्हटले, खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना २००२-०३ पासून आहे, आज ती 'वाइज-किरण' नावाने चालते. पेटंटविषयक प्रशिक्षणाचीही त्यात सोय आहे. ती म्हणाली, "माझे राहू दे आपा, घरातली एक मुलगी एम.एस्सी.ला बसली आहे, तिचे सांग." मी तिला दोन्ही अर्ज पाठवले. एक भरून आला आहे. दुसऱ्याची मी वाट पाहते आहे.

सेक्रेटरी साहेबांनी परवानगी दिली आहे, तेव्हा येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून मी संस्थेच्या वाचनालयात बसेन. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची आणि एम.एस्सी.ची मुले-मुली यावीत, गुणपत्रिका व जातीचे दाखले आणावेत. बरोबर आई किंवा वडील, दोघांपैकी एकाने अवश्य यावे. मला मुलांपेक्षा त्यांच्याशीच अधिक बोलावयाचे आहे.